काहूनभाई आणि शंभराच्या पुढचा काटा

काहूनभाईंकडे ट्रक नेला की ते आधी ट्रककडे बघायचेच नाहीत. गाडी दारात धडधडत उभी असायची, मालक घाईला आलेला असायचा, आणि हे ड्रायव्हरला लोखंडी खुर्चीवर बसवून त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायचे. "हं, सांग. सकाळी निघालास तिथून सांग."

"भाई, हॉर्न वाजत न्हाई. दुसरं काय न्हाई."

"वाजत नाही ते ऐकून राहिलो मी. वाजायचा बंद झाला तेव्हा कुठं होतास? हात कशाला लागला होता?"

मग ड्रायव्हर आठवत आठवत सांगू लागायचा. रस्त्यात जनावरं आली होती, पाऊस भुरभुरत होता, काच पुसायला वायपर चालू केला होता. काहूनभाई डोळे अर्धवट मिटून ऐकायचे. मधेच एखादा शब्द आला की डोळे उघडायचे आणि विचारायचे, "काहून?" एवढं झाल्यावर ते उठायचे आणि पुष्कळदा थेट बिघाडाच्या जागेवरच हात घालायचे. पुष्कळदा म्हणते, नेहमी नाही. चुकायचेही. त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

त्यांचं खरं नाव महबूब. लातूरला एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर ट्रकच्या वायरिंगचं त्यांचं गॅरेज होतं. मूळचे ते नांदेडचे. 'का' विचारायला आम्ही लातूरकडची माणसं 'कामून' म्हणतो, ते 'काहून' म्हणायचे, आणि येताजाता म्हणायचे, म्हणून ड्रायव्हर लोकांनी त्यांचं हे नाव पाडलं. एकदा पाटी रंगवणाऱ्यानं गमतीनं पाटीवरही तेच लिहिलं. भाईंनी ते पुसू दिलं नाही. "खरं नाव घरच्यांसाठी राहू दे," म्हणाले.

'अचानक' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "लाईट अचानक गेली," असं कोणी म्हटलं की ते दुखावल्यासारखे व्हायचे. "अचानक काही होत नसतं रे. तिचं चालूच असतं. आपलं लक्ष अचानक जातं." हे ते रागावून म्हणायचे नाहीत, समजावून सांगायचे, आणि मग स्वतःच नव्यानं विचारात पडायचे.

ही चौकशीची खोड ट्रकपुरती नव्हती. औशाला एका लग्नात आम्ही एकाच पंगतीत बसलो होतो. वाढपी भात घेऊन आला तर भाईंचं पान मोकळं. ते मांडवाच्या कडेला एका खांबाशी उभे होते, मान वर करून. माळेतला एकच दिवा मधूनमधून मिणमिणत होता आणि बाकीचे ठीक होते, हे त्यांना सोसवेना. वाढपी हाका मारून थकला. शेवटी यजमान स्वतः आले, "भाई, आधी जेवा तरी." भाई म्हणाले, "जेवतो की. फक्त ह्याचंच काहून होऊन राहिलं, तेवढं बघू द्या." थंड झालेला भात त्यांनी नंतर मोठ्या आनंदानं खाल्ला. दिव्याचं कारण त्यांना सापडलं होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर ते लॅपटॉप शिकले. नव्या ट्रकांमध्ये इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक बघतो, त्याच्याशी बोलायचं तर हे यंत्र लागतं. एका कंपनीच्या वर्कशॉपमधला इंजिनिअर त्यांचा दोस्त होता, त्यानं रविवारी येऊन येऊन त्यांना शिकवलं. भाई त्याला 'गुरुजी' म्हणायचे, आणि त्यात थट्टा नसायची. तोही अडला की भाईंना फोन करायचा. दोघं फोनवर तासन्‌तास एखाद्या तारेबद्दल बोलायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की एखाद्या नातलगाच्या तब्येतीची चौकशी चालली आहे.

मी त्यांना जवळून ओळखू लागले ते आमच्या ट्रकच्या काट्यामुळे.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, मालवाहतुकीचा व्यवसाय. बी.कॉम. झाल्यावर मी त्यांच्या ऑफिसात बसायला लागले. लातूरच्या मोंढ्यातून सोयाबीन, डाळी भरून गाड्या नांदेडला जायच्या, कधी त्यापुढे हैदराबादला. सरकारी नियमानं अशा ट्रकचा वेग ऐंशीला अडवलेला असतो. त्यापुढे इंजिनच दम सोडतं. पण अण्णांचा स्वतःचा नियम साठचा होता. त्याला कारण होतं. माझा धाकटा चुलता, बापूकाका, ट्रक चालवायचा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची त्याला सवय होती. एका उतारावर ती आवरली नाही. तेव्हा मी शाळेत होते. बापूकाकाला घरी आणलं त्या दिवसापासून अण्णांनी वेग या गोष्टीशी वैर धरलं.

म्हणून त्यांनी गाड्यांना काट्याच्या तारेला जोडलेली एक डबी बसवून घेतली. गाडी साठच्या वर गेली की डबी मालकाच्या फोनवर मेसेज पाठवते. महिनोन्‌महिने मेसेज आला नाही. मग एका संध्याकाळी आला: वेग एकशे बारा. दोन दिवसांनी पुन्हा: एकशे अठरा. गाडी दिगंबरकाकांची.

दिगंबरकाका औशाजवळच्या खेड्यातले, आमच्याकडे वर्षानुवर्षं असलेले ड्रायव्हर. मला सायकल त्यांनीच शिकवली. अण्णा त्यांच्या हातात गाडी देऊन निर्धास्त झोपायचे. त्यामुळेच बहुधा, अण्णांना राग येण्याआधी भीती वाटली. ऐंशीला अडवलेली भरलेली गाडी एकशे अठरावर जायची म्हणजे एकच रीत: उतारावर न्यूट्रल.

"दिगंबर, गाडी फ्री सोडतोस?"

"न्हाई मालक."

"मग एकशे अठरा कुठनं आले?"

"मला काय म्हाईत? काटा उड्या मारतुया, ते मी बी बघतो. पर गाडी तवा चाळीसनं बी चालत नसती. उलट जीव सोडती. चढाला तर हुंदके देती."

अण्णांना ते पटलं नाही. काटा उड्या मारतो हे निमित्त बापूकाकाचंही असायचं म्हणे. मेसेज येत राहिले, आणि एक दिवस अण्णा म्हणाले, "चावी ठेव." दिगंबरकाकांनी चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती आदळली असती तर बरं झालं असतं. अलगद ठेवली आणि चपला घालून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना न विचारता मी दिगंबरकाकांना घेऊन तो ट्रक काहूनभाईंकडे नेला. काकांचा मान राहावा एवढंच माझ्या मनात होतं. भाईंनी नेहमीप्रमाणे आम्हा दोघांना बसवलं. चहा सांगितला आणि आधी मला समजावून दिलं की गाडीला तिचा वेग कळतो कसा.

"गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक दात्यांचं चाक असतं, बेटी. त्याच्यासमोर हा सेन्सर बसलेला. एक दाता समोरून गेला की हा एक टिचकी मारतो. संगणक टिचक्या मोजतो. भराभर आल्या तर गाडी भराभर. त्याला बिचाऱ्याला रस्ता थोडाच दिसून राहिला? टिचक्या येतील तेवढंच खरं."

"मग गाडी जीव का सोडते?"

"काहून नाही सोडणार? त्याला वाटून राहिलं गाडी शंभरच्या वर गेली. ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही हा त्याला हुकूम. मग तो डिझेल तोडतो. गाडी चढावर, भरलेली, आणि हा डिझेल तोडून बसलेला. हे लई वाईट आहे. मागं घसरली तर?"

त्या क्षणापर्यंत माझ्यासाठी हा दिगंबरकाकांच्या नोकरीचा प्रश्न होता. आता त्यांच्या जिवाचाही झाला.

भाईंनी माझ्या फोनवरचे मेसेज एकेक करून वाचले आणि प्रत्येक वेळी काकांना एकच गोष्ट विचारली: "तेव्हा गाडीत काय काय चालू होतं?" काका आठवून सांगत गेले. बहुतेक मेसेज दिवेलागणीनंतरचे होते. एक भल्या पहाटेचा, धुक्यातला. एक दुपारचा, पण तेव्हा पुढं उसाची ट्रॉली होती, धुरळ्यानं दिसत नव्हतं म्हणून काकांनी हेडलाईट लावले होते. भाईंचे डोळे चमकू लागले. मग आणखी एक दुपारचा मेसेज निघाला. लख्ख ऊन, मोकळा रस्ता, वेग अठ्ठ्याहत्तर.

"तेव्हा लाईट चालू होती?"

"न्हाई," दिगंबरकाका म्हणाले.

"वायपर? पंखा?"

"काय बी न्हाई."

भाईंचा चेहरा उतरला. दिव्याचा आणि काट्याचा काही संबंध असावा अशी त्यांच्या मनात जुळत आलेली गोष्ट त्या एका मेसेजनं उधळून लावली. मग त्यांनी सेन्सरच काढून पाहिला. त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला होता. "हा असेल," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. नवा सेन्सर बसवला. गाडी एका बदली ड्रायव्हरकडे देऊन नांदेडला पाठवली. संध्याकाळी अण्णांचा फोन वाजला. वेग एकशे चौदा.

यानंतर कुणीही दुसरा गप्प बसला असता. काहूनभाई सकाळीच आमच्या घरी आले, अण्णांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, माझं चुकलं. सेन्सर चांगला होता. मला आणखी थोडे दिवस द्या." अण्णा त्यांना ओळखत नव्हते. आपल्या गाडीवर परस्पर काम झालं हे त्यांना तेव्हाच कळलं. पण समोर उभा राहून चुकलं म्हणणारा मेकॅनिक त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा. ते माझ्याकडे रोखून बघत भाईंना म्हणाले, "घ्या दिवस. पण एक बघा, आता नव्या ड्रायव्हरनं बी तसंच केलं म्हणजे..." आणि थांबले. त्यांच्याही मनात पहिली शंका शिरली होती.

त्याच दुपारी भाईंनी काकांना आणि मला पुन्हा बोलावलं. ते थकलेले दिसत होते. "बाकी सगळे मेसेज मला कळून राहिले," ते म्हणाले. "पण हा एक, दुपारचा, अठ्ठ्याहत्तरचा. ह्यानं माझं डोकं खाल्लं. बाकी सगळे शंभराच्या वर, हाच खाली. बाकीच्यांना लाईट, ह्याला नाही. काहून?"

दिगंबरकाका बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"भाई, त्यो एक खरा हाय."

"काय?"

"त्या दिशी मी गेलतो. अठ्ठ्याहत्तरनं. म्या दाबली गाडी."

मला वाटलं भाई चिडतील. या माणसानं ही गोष्ट आधी सांगितली असती तर त्यांचे इतके दिवस फुकट गेले नसते. पण ते स्टुलावरून उठले, काकांचे दोन्ही खांदे धरले आणि चक्क हसायला लागले. "अरे माशाल्ला! मग तर सगळं जुळलं! सगळं जुळलं रे!" एवढा आनंद मी कुणाच्या कबुलीजबाबानं झालेला पाहिला नव्हता. जरा वेळानं त्यांना उमगलं की समोरचा माणूस हसत नाहीये. ते पुन्हा स्टुलावर बसले. आवाज खाली आणला. "काहून गेलास रे?"

काका लाजले. "काय न्हाई. पोरीचा फोन आलता. हिमायतनगरला सरकारी दवाखान्यात लागली, नर्स म्हणून. म्हनली, बाबा, ऑर्डर आली. रस्ता मोकळा व्हता... पाय पडला. मला कळलं बी न्हाई."

मी म्हटलं, "भाई, हा एक मेसेज अण्णांना नका सांगू. बाकीचे खोटे ठरले की पुरे."

भाई म्हणाले, "मी नाही सांगणार, बेटी. त्याची गोष्ट आहे, सांगायची तर त्यानं सांगावी. पण शेठनं मला विचारलं, सगळे खोटे का, तर हाव म्हणणं मला जमणार नाही. ह्या एका खऱ्यामुळंच मला बाकीचे खोटे ओळखू आले." काका मान खाली घालून ऐकत होते. माझ्या मनात भाईंबद्दल तेव्हा थोडा राग आला, हेही खरं.

दोन दिवसांनी सोयाबीन भरून गाडी नांदेडला निघाली. केबिनमध्ये दिगंबरकाका चालवायला, शेजारी अण्णा, मधे मी, आणि मागच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेतलेले काहूनभाई. अण्णा यायला तयार झाले याचंच मला आश्चर्य वाटत होतं. चाकूर मागे पडेपर्यंत अण्णा आणि काका दोघंही समोरच्या रस्त्याकडेच बघत होते. भाई मात्र मधूनमधून अण्णांना विचारत होते: ताडपत्रीची गाठ ड्रायव्हरच्या बाजूलाच काहून बांधतात, पोत्यांची थप्पी अशी आडवी-उभी काहून लावतात. सुरुवातीला अण्णा तुटक उत्तरं देत होते. नंतर थप्पी कशी घसरते ते हातवारे करून सांगू लागले.

अहमदपूरच्या अलीकडे एक लांब चढ लागतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. काटा तिशीच्या आत. ऊन असं की डांबर डोळ्यांवर येत होतं. भाई मागून म्हणाले, "दिगंबर, आता लाईट लाव."

काकांनी हेडलाईटचं बटण दाबलं. काटा थरथरला, आणि एकदम उडून शंभराच्या पलीकडे गेला. त्याच वेळी इंजिनानं हुंदका दिला. गाडी चढावर जागच्या जागी अडखळली. अण्णांनी नकळत समोरची दांडी घट्ट धरली. शेजारून एक म्हातारा सायकल हातात धरून चढ चढत होता. तो आमच्या पुढे निघून गेला आणि काटा सांगत होता एकशे सोळा.

"बंद कर," भाई म्हणाले. दिवे बंद झाले, काटा खाली आला, इंजिनात पुन्हा दम आला. "परत लाव." परत तेच. तिसऱ्यांदा करायला भाई सांगणार, तोच अण्णा म्हणाले, "बस, भाई. बस झालं. माणसं मारता का?" त्यांचा आवाज बरोबर नव्हता. बापूकाका त्यांच्या डोळ्यांसमोर होता की काय, मी विचारलं नाही.

वर सपाटीला गाडी उभी केली, चाकांना दगड लावले. काहूनभाई पोतं अंथरून गाडीखाली शिरले. जरा वेळानं त्यांचा हात बाहेर आला. त्यात तांब्याच्या तारांची वेणीसारखी गुंफलेली पट्टी होती. चेसिस आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. वरून धडधाकट दिसत होती. भाईंनी ती अण्णांच्या हातात दिली आणि वाकवायला सांगितली. टोकाच्या रबराखाली जवळजवळ सगळ्या तारा तुटलेल्या होत्या.

"वीज जाते तशी परत यावी लागते, शेठ. ही तिची परतीची वाट. इंजिन चढावर जोर लावतं तेव्हा जागच्या जागी पिळतं, ही पट्टी ताणली जाते, वाट तुटते. दिव्यांची एवढी वीज, ती जाईल कुठून? सापडेल त्या तारेतून घुसते. सेन्सरची नाजूक तार तिच्या रस्त्यात आली. तिथं गडबड झाली आणि संगणकाला वाटलं टिचक्याच येऊन राहिल्या." मग काकांकडे वळून, "सकाळी स्टार्टर जड उचलायचा ना?"

"हाव की! आमी बॅटरी बदलली त्यापायी."

"मला हे पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं," भाई स्वतःशीच म्हणाले. "काहून नाही विचारलं?" संशय होताच, म्हणून नवी पट्टी त्यांनी येताना पिशवीत आणलीच होती. ती बसवली, दिवे लावले, पुढचा सगळा चढउतार दिवे तसेच ठेवून काढला. काटा शहाण्या मुलासारखा गाडीबरोबर राहिला.

अहमदपूरला चहाला थांबलो. अण्णा दिगंबरकाकांशी बोलायला शब्द शोधत होते. बाकड्यावर बसता बसता म्हणाले, "मग सगळेच मेसेज खोटे म्हणायचे."

काहूनभाईंनी ग्लासात तोंड घातलं. मी दुसरीकडे बघितलं. दिगंबरकाका उभेच होते. टोपी काढून हातात घेतली.

"सगळे न्हाई, मालक. एक खरा हाय. अठ्ठ्याहत्तरचा." आणि त्यांनी सांगून टाकलं. पोरीचा फोन, मोकळा रस्ता, सगळं. "फ्री सोडली न्हाई. तुमच्या पायाची शपथ. गिअरमंदी व्हती. पर गेलो, हे खरं. ठेवायचं असंल तर ठेवा, न्हाईतर न्हाई."

अण्णांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "पोरगी लागून इतके दिवस झाले आणि तू आम्हाला पेढा दिला न्हाईस?"

दिगंबरकाका टोपी तोंडावर धरून तिथंच खाली बसले. भाई उठले, समोरच्या दुकानात गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दुकानदाराला विचारूनही आले होते म्हणे, ह्या गावच्या पेढ्यांचा रंग असा काळपट काहून.

त्यानंतर अण्णा आणि काहूनभाई यांची मैत्री जमली. अण्णा फार बोलणारे नव्हते आणि भाईंना विचारल्याशिवाय राहवत नसे, त्यामुळे अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच बोलावं लागलं. बापूकाकाबद्दल घरात कुणी बोलत नसे. एकदा मी गॅरेजात गेले तर अण्णा भाईंना बापूकाकाचं सांगत होते. तो शीळ कशी घालायचा, कुठल्या गाण्यावर, हे. भाई मधे काहीच विचारत नव्हते. त्यांना गप्प बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे भाईंना हृदयाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी गाडीखाली शिरायला बंदी केली. गॅरेज एका ओळखीच्या वायरमनच्या हाती देऊन ते आणि त्यांच्या पत्नी फातिमाखाला नांदेडच्या जुन्या घरी राहायला गेले. तिथून दुपारचा फोन यायचा. एकदा फार खुशीत होते. डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा यांनी हट्ट धरला की मलाही ऐकू द्या. डॉक्टर भला माणूस, त्यानं नळ्या यांच्या कानात घातल्या. "बेटी, दोन आवाज आहेत, एक नाही," भाई मला सांगत होते. "एक मोठा, एक बारीक. इतकी वर्षं माझ्याच छातीत चालू आहे आणि मला मालूमच नव्हतं!"

ते गेल्याचा फोन खालांच्या भाच्याचा आला. आम्ही तिघं, अण्णा, दिगंबरकाका आणि मी, निघालो. मातीला अण्णा आणि काका पोचले, मी खालांजवळ थांबले. कितीतरी ड्रायव्हर आले होते. कुणी बिलोलीकडून रेतीची गाडी रस्त्यालाच लावून आला होता. सगळे तसेच मळलेल्या कपड्यांत.

चाळिसाव्या दिवसानंतर आम्ही खालांना भेटायला पुन्हा गेलो. दोन खोल्यांचं घर. आम्ही बसलो होतो त्या खोलीत छताचा पंखा खडखड खडखड करत फिरत होता. इतका, की बोलणं ऐकू येईना. अण्णांना ते चमत्कारिक वाटलं असावं. सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरात असा पंखा. खालांच्या लक्षात आलं. पदरानं डोळे पुसता पुसता त्या हसल्या. "मैं बोल-बोल के थकी. म्हणायचे, करतो, करतो. कधी केलाच नाही."

दिगंबरकाका उठले. त्यांनी स्टूल घेतलं, पंखा बंद केला आणि वर चढून पाहिलं. छताच्या हुकाजवळचा एक नट सैल झाला होता. अण्णांनी खालून स्टूल धरलं. काकांनी नट आवळला, खाली उतरले, बटण लावलं. पंखा आवाज न करता फिरू लागला.

खोली अगदी शांत झाली. गल्लीतली भांडी, लांबचा एक टेम्पो, सगळं ऐकू येऊ लागलं. खाला वर बघत बसल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, होता तसा करता येईल का?"

दिगंबरकाकांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली आणि स्टूल पुन्हा धरलं. काका वर चढले.

पंखा परत खडखडायला लागला, तेव्हा खाला उठल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.